परदेशी लष्करी विमाने आणि भारताची हवाई हद्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्लाइट ट्रॅकरच्या पडद्यावर मुंबईजवळ एखादे परदेशी लष्करी विमान दिसले की प्रश्नांचा ओघ सुरू होतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थीही याच विषयावर पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांतले नेहमीचे प्रश्न येथे घेतले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नागरी विमाने रोज शेकड्यांनी आपल्यावरून जातात. मग लष्करी विमानाला वेगळी परवानगी कशाला?

कारण नागरी विमानांना ज्या करारातून सवलती मिळतात, तो करार लष्करी विमानांना लागूच होत नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याचे पहिले कलम सांगते की प्रत्येक देशाचे आपल्या भूभागावरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याचे सार्वभौमत्व आहे. तिसरे कलम शासकीय विमानांना करारातून बाहेर ठेवते आणि अट घालते : दुसऱ्या देशाच्या विशेष संमतीशिवाय अशा विमानाने त्याच्या हद्दीवरून उडायचे नाही, तिथे उतरायचेही नाही, संमती मिळाली तर तिच्या अटी पाळायच्या. त्यामुळे मौन म्हणजे संमती, असे इथे कधीच धरता येत नाही. लेखी होकार आला नसेल, तर उत्तर ‘नाही’ असेच समजायचे.

२. विमान ‘लष्करी’ आहे हे कशावरून ठरते? रंगावरून, नोंदणीवरून की मालकावरून?

वापरावरून. शिकागो कराराच्या तिसऱ्या कलमात लष्करी, सीमाशुल्क आणि पोलीस सेवेत वापरलेली विमाने शासकीय मानली आहेत. शेपटीवरचे चिन्ह, वैमानिकाचा गणवेश, नोंदणी आणि कॉल साइन, म्हणजे रेडिओवर विमान ज्या नावाने ओळख देते ते, हे सगळे पुरावे म्हणून उपयोगी पडतात, पण प्रश्न एकच असतो : हे उड्डाण कोणाच्या कामासाठी आहे? म्हणूनच एकच विमान सोमवारी नागरी आणि मंगळवारी लष्करी ठरू शकते. गोंधळ होतो तो नेमका याच जागी. उदाहरण प्रश्न ९ मध्ये आहे.

३. रत्नागिरीच्या पश्चिमेला समुद्रावर अमेरिकी लष्करी विमान दिसले. ही घुसखोरी नाही का?

बहुतेक वेळा नाही. आपली हवाई हद्द जमिनीवर आणि आधाररेषेपासून (साधारणपणे किनाऱ्यालगतच्या ओहोटीच्या रेषेपासून) १२ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या प्रादेशिक समुद्रावर असते. त्यापलीकडचे आकाश सर्वांना खुले आहे.

घोळ नकाशामुळे होतो. मुंबईच्या नियंत्रकांकडे असलेला उड्डाण माहिती विभाग अरबी समुद्रात फार दूरवर पसरलेला आहे. ही रेषा वाहतूक सांभाळण्याची जबाबदारी दाखवते, मालकी दाखवत नाही. त्याच नकाशावर हवाई संरक्षण ओळख क्षेत्र असते. तिथे येणाऱ्या विमानाची ओळख पटावी, अशी यंत्रणा त्यामागे आहे. तीही सीमारेषा नव्हे. तिसरी रेषा २०० सागरी मैलांच्या विशेष आर्थिक क्षेत्राची. १९९५ मध्ये सागरी कायद्याच्या कराराला मान्यता देताना भारताने जाहीर केले की या क्षेत्रात आपल्या संमतीशिवाय कोणी लष्करी सराव करू नये. अमेरिकेला हे मान्य नाही. एप्रिल २०२१ मध्ये लक्षद्वीपजवळ अमेरिकी युद्धनौकेने याच कारणासाठी मुद्दाम फेरी मारली होती.

खुल्या आकाशातही लष्करी विमानावर एक बंधन राहते : नागरी विमानांच्या सुरक्षिततेची योग्य काळजी घ्यायची. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणारे यंत्र, बंद ठेवून गजबजलेल्या मार्गात शिरणे धोक्याचे आहे, मग ते कोणत्याही देशाचे विमान असो.

४. परवानगी देते कोण? नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, हवाई दल की परराष्ट्र मंत्रालय?

अर्ज राजनैतिक मार्गाने येतो. संबंधित देशाचा दिल्लीतला दूतावास परराष्ट्र मंत्रालयाला टिपण पाठवतो. तिथून तो हवाई मुख्यालयाकडे आणि गरजेप्रमाणे गृह मंत्रालय व सुरक्षा यंत्रणांकडे जातो. होकार मिळाला की हवाई मुख्यालयाकडून एओआर क्रमांक मिळतो. परदेशी लष्करी उड्डाणाची खरी किल्ली हा क्रमांक आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय अनियमित नागरी उड्डाणांना ‘वायए’ क्रमांक देते. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

राज्य सरकारला यात अधिकार नाही. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि विमान वाहतूक हे तिन्ही विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीत आहेत. विमाने आणि विमानतळ यांची नोंद २९ वी.

५. अर्जात काय काय लिहावे लागते?

विमानाचा प्रकार, शेपटीवरचा क्रमांक, कॉल साइन आणि कोणत्या दलाचे आहे ते. चालक दलाची संख्या आणि नावे. प्रवासी असतील तर कोण, आणि त्यात अतिमहत्त्वाची व्यक्ती आहे का. उड्डाणाचा हेतू. कुठून निघणार, कोणत्या बिंदूतून आत येणार, कोणत्या हवाई मार्गाने जाणार, कुठून बाहेर पडणार. प्रत्येक टप्प्याची तारीख आणि वेळ. उतरणार असेल तर विमानतळ, थांबण्याचा काळ, इंधन किंवा अन्य सेवांची गरज आणि पर्यायी विमानतळ.

त्यानंतर येतो सर्वांत नाजूक भाग, म्हणजे विमानात काय आहे ते. शस्त्रे, दारूगोळा, स्फोटके, घातक माल, छायाचित्रणाची किंवा इलेक्ट्रॉनिक टेहळणीची साधने. ‘सामान्य माल’ असे दोन शब्द लिहून भागवण्याचा मोह अनेकांना होतो. तपासणारा अधिकारी नेमका तिथेच थांबतो आणि अर्ज परत जातो. वजन, नग आणि स्वरूप स्पष्ट लिहिलेला अर्ज लवकर पुढे सरकतो.

६. एओआर क्रमांक मिळाला. आता थेट उड्डाण करायचे का?

नाही, तो क्रमांक फ्लाइट प्लॅनमध्ये उतरायला हवा. आंतरराष्ट्रीय नमुन्याच्या आठव्या रकान्यात उड्डाणाचा प्रकार लिहितात. लष्करी उड्डाणासाठी तिथे ‘एम’ हे अक्षर असते. अठराव्या रकान्यात विमान शासकीय असल्याची खूण आणि शेरा म्हणून परवानगीचा क्रमांक येतो. विमानात कमी उभ्या अंतरासाठी लागणारी साधने नसतील, तर तेही तिथेच सांगायचे. २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात विमाने एकमेकांपासून १,००० फूट उंचीच्या फरकाने उडतात. साधने नसलेल्या शासकीय विमानासाठी नियंत्रकाला २,००० फूट मोकळे ठेवावे लागतात. आयत्या वेळी हे कळले तर त्याची सगळी मांडणी बिघडते.

याशिवाय हवाई संरक्षणाची मंजुरी, म्हणजे एडीसी, वेगळी असते. एओआर सांगतो की या उड्डाणाला सरकारची हरकत नाही. एडीसीमुळे रडारसमोर बसलेल्या हवाई दलाच्या माणसाला कळते की पडद्यावरचा हा ठिपका तेच विमान आहे. दोन्ही जुळले नाहीत तर विचारणा होणारच.

७. कागदपत्रे पूर्ण असूनही उड्डाणे अडतात. चुका कुठे होतात?

पहिली चूक वेळेची. परवानगीतल्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि आपले घड्याळ साडेपाच तास पुढे. ५ तारखेच्या पहाटे २ वाजता मुंबईत उतरणारे विमान कागदावर ४ तारखेला रात्री ८:३० वाजता उतरते. दूतावासाने स्थानिक तारीख लिहिली आणि वैमानिकाने प्रमाणवेळ वापरली, की परवानगी आणि उड्डाण एका दिवसाने चुकतात.

दुसरी चूक विमान बदलण्याची. ठरलेले विमान नादुरुस्त होते, त्याच प्रकारचे दुसरे निघते आणि शेपटीचा नवा क्रमांक कळवायचा राहून जातो. काही देश राखीव विमानांचे क्रमांक आधीच अर्जात देतात. ही चांगली सवय आहे.

तिसरी, प्रवेशबिंदूची. हवामानामुळे वैमानिक मंजूर बिंदू सोडून शेजारच्या बिंदूकडून येतो. नियंत्रकाला वाहतुकीच्या दृष्टीने त्यात अडचण नसते, हवाई संरक्षणाला असते.

चौथी, उशिराची. परवानगी ठरावीक मुदतीपुरती असते. ती उलटली तर जुना क्रमांक वापरू नये, नवी मंजुरी मागावी. कॉल साइनची चूक इतकी महत्त्वाची आहे की तिच्यासाठी प्रश्न ९ वेगळा ठेवला आहे.

८. पुणे किंवा गोव्यात उतरायचे असेल तर आणखी काही लागते का?

होय. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आहे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे. तिथली नागरी टर्मिनले त्या तळांच्या आवारात आहेत. अशा ठिकाणी देशात येण्याच्या परवानगीबरोबर तळाचीही पूर्वसंमती हवी : विमान उभे करायला जागा, सुरक्षा, इंधन आणि धावपट्टीची वेळ. तळाची संमती न घेता आलेल्या मोठ्या मालवाहू विमानाला जागाच नसते, ही साधी व्यावहारिक अडचण आहे.

९. लष्कराने खासगी कंपनीचे मालवाहू विमान भाड्याने घेतले तर नागरी परवानगी पुरते का?

याचे उत्तर मुंबईतच मिळाले. जून २००९ मध्ये हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया या अमेरिकी तळाहून अफगाणिस्तानातल्या कंदाहारकडे निघालेले अवाढव्य अँटोनोव्ह १२४ भारतीय हवाई दलाने मुंबईत उतरवायला लावले. विमान भाड्याचे होते, माल अमेरिकी सैन्याचा. परवानगी नागरी उड्डाणाची होती, पण वाटेत संपर्कासाठी लष्करी कॉल साइन वापरली गेली आणि एओआर क्रमांक नव्हता. चौकशी आणि कागदपत्रांची पूर्तता झाल्यावर ते सोडण्यात आले.

यात कोणी हेरगिरी करत होते असे मानण्याचे कारण नाही. तरी हवाई दलाने केले ते योग्यच होते. ज्या नावाने परवानगी घेतली ते नाव बदलले, तर जमिनीवरच्या माणसासाठी ते अनोळखी विमान असते. भाड्याच्या विमानासाठी व्यवहार्य नियम असा : माल, ग्राहक किंवा कॉल साइन यांपैकी काहीही लष्करी असेल तर अर्ज करतानाच ते सांगा आणि कोणती परवानगी लागेल ते विचारून घ्या.

१०. शस्त्रे विमानातच राहणार, उतरवायची नाहीत. तरी सांगायची का?

सांगायचीच. सप्टेंबर २००९ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या हवाई दलाचे सी-१३० इंधनासाठी कोलकात्यात उतरले. ते चीनकडे निघाले होते. विमानात शस्त्रास्त्रे असल्याचे उघड झाले आणि अर्जात त्यांचा उल्लेख नव्हता. विमान काही दिवस रोखले गेले. अमिरातीने चूक मान्य करून खेद व्यक्त केल्यावर ते निघाले. त्या विमानाला येण्याची परवानगी होती, हे लक्षात घ्या. अडले ते न सांगितलेल्या मालामुळे.

आपल्या यंत्रणा याबाबत कडक का आहेत, त्यामागे डिसेंबर १९९५ ची जखम आहे. पुरुलियात एका अँटोनोव्ह २६ मधून शेकडो रायफली आणि दारूगोळा टाकला गेला. ते विमान नागरी म्हणून आले होते आणि काही दिवसांनी परतताना त्याला मुंबईत उतरवावे लागले.

११. आणीबाणीत परवानगीशिवाय उतरता येते का?

संकटातल्या विमानाला जागा देणे ही सर्वत्र मान्य असलेली माणुसकीची रीत आहे. १४ जून २०२५ च्या रात्री ब्रिटिश नौदलाचे एफ-३५बी खराब हवामान आणि कमी इंधनामुळे तिरुवनंतपुरमला उतरले. भारतीय हवाई दलाने ते आधीच ओळखले होते आणि उतरायला मदत केली. पुढे हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड निघाला आणि विमान २२ जुलैपर्यंत तिथेच राहिले. दुरुस्तीचे पथक ए-४००एम या लष्करी विमानातून आले, म्हणजे त्या विमानाचीही रीतसर परवानगी लागली.

सगळीकडे असे सुरळीत होत नाही. १ एप्रिल २००१ रोजी अमेरिकेचे ईपी-३ हे टेहळणी विमान चिनी लढाऊ विमानाशी टक्कर झाल्यावर हैनान बेटावर उतरले. अमेरिकेचे म्हणणे होते की विमान सार्वभौम आहे, त्याला हात लावू नका. चीनने ते तपासले आणि शेवटी ते सुटे करून मालवाहू विमानाने परत न्यावे लागले. उतरू देण्याची रीत स्पष्ट आहे. उतरल्यावर काय, हे मात्र दोन देशांच्या संबंधांवर ठरते.

१२. लष्करी विमानात सामान्य नागरिक किंवा मदतीचे सामान असेल तर?

विमान लष्करीच राहते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने परत पाठवलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकी हवाई दलाचे सी-१७ अमृतसरला आले. प्रवासी नागरिक, विमानतळ नागरी, तरी उड्डाण लष्करी. मदतकार्यात कागदी काम वेगाने होते, रद्द होत नाही. २००१ च्या भूज भूकंपानंतर पाकिस्तानी हवाई दलाची विमानेही मदत घेऊन अहमदाबादला आली होती, तीही परवानगी घेऊनच.

१३. नुसते इंधन भरू देण्यावरून एवढे राजकारण का होते?

कारण त्या इंधनाने विमान कुठे जाणार, हे सगळ्यांना माहीत असते. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धासाठी जाणाऱ्या अमेरिकी मालवाहू लष्करी विमानांना मुंबईसह काही ठिकाणी इंधन दिले गेले. चंद्रशेखर सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या काँग्रेसने विरोध केला आणि फेब्रुवारीत ही सोय थांबली.

ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेशी रसदविषयक करार झाला. त्यामुळे अमेरिकी विमानांना भारत कायमचा खुला झाला, असा समज पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. इंधन, सुटे भाग, मुक्काम यांचा हिशेब कसा करायचा, एवढेच तो करार ठरवतो. प्रत्येक वेळी होकार द्यायचा की नाही, हे भारताच्या हातात आहे.

१४. भारत-पाकिस्तान सीमेवर वेगळे नियम आहेत का?

आहेत. ६ एप्रिल १९९१ च्या करारानुसार लढाऊ विमाने, यात बॉम्बफेकी, टेहळणी, जेट प्रशिक्षण विमाने आणि सशस्त्र हेलिकॉप्टरही आली, दुसऱ्याच्या हवाई हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत येणार नाहीत. नि:शस्त्र मालवाहू विमाने आणि हेलिकॉप्टर १,००० मीटरपर्यंत येऊ शकतात. पूर्वपरवानगीने एकमेकांच्या हद्दीतून जाण्याची तरतूदही आहे.

एप्रिल २०२५ च्या अखेरीस भारताने पाकिस्तानी विमानांसाठी हवाई हद्द बंद केली, तेव्हा वैमानिकांसाठीच्या सूचनेत ‘लष्करी उड्डाणांसह’ असे स्पष्ट लिहिले होते. एरवीही परवानगी लागते, मग हे कशाला? त्यामुळे कोणताही जुना होकार दाखवायला जागा राहत नाही.

१५. पंतप्रधानांच्या विमानाला पाकिस्तानने परवानगी नाकारली होती. हे नियमात बसते का?

कायद्याने बसते. २०१९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती रामनाथ कोविंद आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या विमानांना असा नकार मिळाला. भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे विषय नेला. देशाच्या नेत्यांची उड्डाणे शासकीय मानली जातात, म्हणून ती शिकागो करारात येत नाहीत, असे उत्तर आले. शिष्टाचाराच्या दृष्टीने हा नकार कटू होता, पण त्याविरुद्ध दाद मागायला ती संघटना ही जागा नाही.

१६. नकाराचे कारण द्यावे लागते का? नकार मिळालेला देश काय करतो?

कारण देण्याचे बंधन नाही. नकार मिळाला की वळसा घालायचा. एप्रिल १९८६ मध्ये लिबियावर हल्ल्यासाठी ब्रिटनहून निघालेल्या अमेरिकी एफ-१११ विमानांना फ्रान्स आणि स्पेनने वाट दिली नाही. ती अटलांटिकवरून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून गेली आणि हवेतच अनेकदा इंधन भरावे लागले. आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनीवरून न थांबता जाण्याचा हक्क असल्यामुळे हा मार्ग उरला. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलहून भारतीयांना आणणारे आपले सी-१७ पाकिस्तान टाळून इराणवरून आले.

१७. परवानगीशिवाय आत आलेले विमान पाडता येते का?

१९८३ मध्ये सोव्हिएत संघाने कोरियन प्रवासी विमान पाडले, २६९ माणसे गेली. त्यानंतर शिकागो करारात ‘तीन बिस’ हे कलम आले. ते १९९८ पासून लागू आहे. हवेतल्या नागरी विमानावर शस्त्र वापरू नये, असे ते सांगते. लष्करी विमानाला हे संरक्षण नाही. म्हणून लगेच गोळीबार होतो असेही नाही. आधी रेडिओवरून विचारणा, १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या लहरीवर हाक, मग लढाऊ विमान शेजारी येऊन पंख हलवते आणि सावकाश वळून आपल्या मागोमाग येण्याची खूण करते.

१० ऑगस्ट १९९९ रोजी कच्छच्या रणाजवळ पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान भारताने पाडले. १६ जण ठार झाले. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २१ जून २००० रोजी न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्र नसल्याचे सांगितले. त्यामुळे कोण बरोबर यावर निकाल लागलाच नाही. ‘भारत खटला जिंकला’ असे लिहिणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

१८. मुंबई बंदरात आलेल्या परदेशी युद्धनौकेवरचे हेलिकॉप्टर उडू शकते का?

नौकेची परवानगी हेलिकॉप्टरला लागू होत नाही. प्रादेशिक समुद्रातून जहाजाला निरुपद्रवी मार्गक्रमणाचा हक्क असतो, विमानाला तसा हक्क नाही. उलट अशा वेळी जहाजावरून विमान उडवले तर ते मार्गक्रमणच निरुपद्रवी राहत नाही. म्हणून ब्रिटिश नौदलाबरोबरच्या ‘कोंकण’सारख्या सरावात उड्डाणांची मंजुरी आधीच वेगळी ठरवतात.

१९. ड्रोन, फुगे आणि उपग्रहांचे काय?

परदेशी लष्करी ड्रोनला माणूस असलेल्या विमानाइतकीच परवानगी लागते. फुग्यालाही लागते, फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने चिनी फुगा पाडला तो याच आधारावर. उपग्रहाला लागत नाही, कारण अवकाश कोणत्याही देशाच्या हद्दीत मोडत नाही.

२०. एखाद्या उड्डाणाला परवानगी होती का, हे माहिती अधिकारात कळेल का?

अर्ज करता येतो, पण कलम ८(१)(अ) खाली सुरक्षा आणि परराष्ट्र संबंधांचे कारण देऊन, किंवा परदेशी सरकारने विश्वासाने दिलेली माहिती म्हणून नकार येण्याची शक्यता मोठी आहे. विशिष्ट उड्डाणाऐवजी कार्यपद्धतीबद्दल विचारल्यास उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. लोकसभेतले किंवा राज्यसभेतले आपल्या भागाचे खासदारही हा प्रश्न विचारू शकतात. संसदेत दिलेली उत्तरे दोन्ही सभागृहांच्या संकेतस्थळांवर वाचायला मिळतात.